कोन्यूर चावतो तेव्हा

सन कोन्यूर हा जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाचा पक्षी. पिवळा, केशरी, मधूनच हिरवा. मूळचा ब्राझीलच्या उत्तर भागातला आणि गयानातला. तिथल्या रानात तो आता फारसा उरलेला नाही. पण पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये, नाशिक-कोल्हापूरच्या बंगल्यांत तो सर्रास दिसतो. पिल्लू असताना हाताने भरवलेला, खांद्यावर बसणारा, मानेत शिरून झोपणारा. वर्ष-दोन वर्षांत तोच पक्षी एक दिवस बोटाला असा चावतो की रक्त येतं, आणि मग घरात निदानं सुरू होतात. कुणी म्हणतं लाडावलाय, कुणी म्हणतं वयात आलाय, कुणाच्या मते तो राग धरून बसतो. आजी पिंजऱ्याजवळून जाताना नातीला बजावते, "बोट घालू नकोस गं, तो आता पहिल्यासारखा राहिला नाही."

ही सगळी निदानं पक्ष्याच्या स्वभावाबद्दल आहेत, आणि स्वभावावर उपाय करता येत नाही. वर्तनाचा अभ्यास करणारे लोक म्हणून वेगळं विचारतात: चावण्याच्या लगेच आधी काय घडलं आणि लगेच नंतर काय घडलं? प्रश्न साधा आहे, पण बहुतेक घरांत तो कुणी विचारलेलाच नसतो.

नेहमीचा प्रसंग घेऊ. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पक्ष्याला बाहेर काढलं. तासभर तो खांद्यावर होता. आता जेवायला बसायचं म्हणून त्याला पिंजऱ्यात ठेवायचंय. त्याच्यापुढे बोट धरलं, तो चढला नाही. बोट पोटाला टेकवून जरा रेटलं, तो मागे सरकला. आणखी रेटलं, तेव्हा चावला. हात झटकन मागे आला, तोंडातून किंकाळी निघाली, आणि "बस मग तिथेच" म्हणून त्याला आणखी पंधरा मिनिटं बाहेर राहू दिलं. आता हे पक्ष्याच्या बाजूने वाचा. आधी काय होतं? नको असलेला हात. त्याने काय केलं? चावा घेतला. पुढे काय झालं? हात गेला आणि बाहेर राहायला मिळालं. चावा शंभर टक्के यशस्वी झाला. उद्या तो पुन्हा चावला तर नवल कसलं?

एखाद्या कृतीनंतर हवं ते मिळालं तर ती कृती पुन्हा होते, ही गोष्ट एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1898 मध्ये मांजरांना खटक्याच्या पेटीत ठेवून दाखवली. पुढे बी. एफ. स्किनरने उंदरांवर आणि कबुतरांवर प्रयोग करून तिचं मोजमाप केलं. त्यात राग, सूड, वर्चस्व यांपैकी काही गृहीत धरावं लागत नाही. पक्ष्याला भावना नसतात, असा याचा अर्थ नव्हे. भावना बाहेरून बदलता येत नाहीत. आधीची परिस्थिती आणि नंतरचा परिणाम बदलता येतो, एवढंच.

चावा ही पक्ष्याची पहिली सूचना जवळपास कधीच नसते. आधी तो अंग मागे झुकवतो, पिसं अंगाशी घट्ट आवळतो, मान वळवतो. डोळ्याची बाहुली भराभर लहान-मोठी होते, शेपटी पंख्यासारखी उघडते, चोच जरा उघडून थांबते. कॉकटील जातीचा पक्षी असेल तर तुरा मागे चपटा होतो आणि फिस्स असा आवाज येतो. या सगळ्याकडे काणाडोळा करून बोट पुढेच येत राहिलं, तर पक्षी दोन गोष्टी शिकतो: सूचना देऊन उपयोग नाही, आणि चाव्याचा उपयोग आहे. मग काही महिन्यांनी तो मधल्या पायऱ्या गाळून थेट चावू लागतो, आणि लोक म्हणतात, "काही कारण नसताना चावतो." कारण असतं, ते सांगणं त्याने सोडलेलं असतं.

उलट चूकही होते. चोच पुढे आली की तो चावणारच असं समजून हात मागे घेतला जातो. पोपटवर्गातले पक्षी चोच तिसऱ्या पायासारखी वापरतात. नव्या दांडीवर चढण्याआधी ती हलत नाही ना, हे चोचीने चाचपतात. बोट ऐन वेळी मागे गेलं तर पक्षी तोल सावरायला ते पकडतो, आणि हा चावा माणसाने स्वतःच ओढवून घेतलेला असतो.

आता शिक्षेचं बघू, कारण बहुतेकांचा पहिला उपाय तोच असतो. चोचीवर टिचकी मारणं, तोंडावर फुंकर किंवा पाण्याचा फवारा, हात हलवून पक्ष्याला खाली पाडणं, पिंजऱ्यावर दिवसभर चादर टाकणं. यांतलं काही क्षणभर चालतं, आणि तीच त्यातली मेख आहे: पक्षी थांबतो, म्हणून माणसाला तेच पुन्हा करावंसं वाटतं. पण काय करू नये एवढंच शिक्षेतून कळतं. काय करावं हे कळत नाही. हात पुढे येणं हे वाईटाचं लक्षण ठरतं, आणि पक्षी एक तर आधीपेक्षा लवकर चावतो, नाहीतर कोपऱ्यात गप्प बसतो. गप्प बसलेला पक्षी पाहून घरचे म्हणतात, "सुधारला." माझ्या मते त्याची ही अवस्था चाव्याहून वाईट. चावणारा पक्षी निदान काहीतरी सांगत तरी असतो.

युटा राज्य विद्यापीठात अनेक वर्षं शिकवणाऱ्या सुझन फ्रीडमन यांनी या उपायांना एक क्रम लावून दिला आहे. तो पाळीव पक्ष्यांपासून प्राणिसंग्रहालयांपर्यंत वापरला जातो. आधी आरोग्य, आहार आणि राहण्याची जागा तपासायची. मग वर्तनाच्या आधीची परिस्थिती बदलायची. मग हव्या त्या वर्तनाला बक्षीस द्यायचं, आणि नको असलेल्या वर्तनाच्या जागी दुसरं शिकवायचं. हे सगळं करून झाल्यावरच, गरज उरली तर, काहीतरी काढून घेण्याचे उपाय. त्रास देण्याची शिक्षा अगदी तळाशी. परिणामकारक असणं पुरेसं नाही, सौम्यही असायला हवं, हा त्यामागचा विचार. टिचकीही परिणामकारक असू शकते. म्हणून ती पहिली येत नाही.

आरोग्य सुरुवातीलाच येतं त्याला कारण आहे. पक्षी आजार लपवतात; रानात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो. अचानक चावू लागलेला किंवा पिसं उपटू लागलेला पक्षी आधी पक्ष्यांचे उपचार जाणणाऱ्या पशुवैद्याला दाखवायचा. घरी करण्यासारखं एक काम म्हणजे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी खाण्याआधी वजन घेणं. शंभर ग्रॅमच्या पक्ष्याचं दहा ग्रॅम वजन घटलं तर डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतं. आहार हाही इथलाच विषय. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पक्ष्यात अ जीवनसत्त्वाची कमतरता ही नेहमीची तक्रार. आणि झोप. रात्री बारापर्यंत ट्यूबलाइट आणि टीव्ही चालू असलेल्या हॉलमध्ये पिंजरा असेल तर पक्ष्याला लांबलेला दिवस हा विणीचा हंगाम वाटतो. त्यात सोफ्याखाली शिरायला अंधारी जागा आणि पाठीवरून कुरवाळणारे हात मिळाले, की तो त्या जागेची आणि त्या माणसाची राखण करू लागतो. दहा-बारा तास शांत अंधार, सोफ्याखालची जागा बंद आणि कुरवाळणं फक्त डोक्या-मानेवर: एवढ्यानेच काही घरांतले चावे निम्म्यावर येतात. यात शिकवणं अजून आलेलंच नाही.

यानंतर वही. आठवडाभर प्रत्येक चाव्याची नोंद करायची: किती वाजता, कोण होतं, आधी काय झालं, नंतर काय झालं. "रागावला होता" असं लिहायचं नाही. "डावीकडे झुकला, पिसं आवळली" असं लिहायचं. आठवड्याअखेर बहुधा दिसतं की चावे दिवसभर विखुरलेले नाहीत. ते पिंजऱ्यात परत ठेवताना, पिंजऱ्यातली वाटी बदलताना आणि कुणीतरी दुसरं माणूस जवळ बसलेलं असताना, अशा दोन-तीन ठिकाणी गोळा झालेले असतात. चावरा पक्षी हे मोठं संकट वाटत होतं. त्याचे दोन-तीन लहान प्रश्न होतात.

वाटीचा प्रश्न तर शिकवल्याशिवायच सुटतो. पक्षी बाहेर असताना वाटी बदलायची, किंवा बाहेरून सरकवता येणारी वाटी लावायची. बाहेर काढण्याआधी पंखा बंद करायचा, आरसा झाकायचा, खिडक्या लावायच्या. मग तो भलतीकडे उडून घाबरणार नाही आणि त्याला घाईने पकडण्याची वेळ येणार नाही. हे सगळं आधीची परिस्थिती बदलण्यात येतं. लोकांना यात काही केल्यासारखं वाटत नाही, म्हणून हे सर्वांत आधी टाळलं जातं.

शिकवण्याची सुरुवात काडीपासून होते. बांबूची एक काडी घ्यायची, टोक बोथट करायचं. बक्षीस म्हणून पक्ष्याला सर्वांत आवडणारी गोष्ट निवडायची: सूर्यफुलाचं अर्धं बी किंवा राळ्याच्या कणसाचे दोन दाणे. ही गोष्ट आता वाटीतून काढून टाकायची, ती फक्त या वेळी मिळेल. पक्ष्याला उपाशी मात्र ठेवायचं नाही. स्किनरच्या प्रयोगशाळेतल्या कबुतरांचं वजन मुद्दाम नेहमीच्या सुमारे 80 टक्क्यांवर आणलं जाई. घरच्या पक्ष्यावर तो प्रयोग करण्याचं काहीच कारण नाही. सकाळच्या खाण्याच्या जरा आधीची वेळ धरली की पुरतं.

पक्षी पिंजऱ्यात, तुम्ही बाहेर. काडीचं टोक जाळीशी, त्याच्यापासून वीतभर लांब धरा. तो पाहील, कदाचित वाकेल. ज्या क्षणी चोच टोकाला लागेल त्या क्षणी जिभेने "टक्" असा आवाज करा आणि बी द्या. "टक्" हा आवाज महत्त्वाचा आहे. बी हातातून चोचीपर्यंत जायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात पक्षी मान वळवतो, पाय उचलतो, आणि बक्षीस कशाचं मिळालं हे त्याला कळत नाही. आवाज तो नेमका क्षण टिपतो. स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी ही पद्धत 1940 च्या दशकात प्रयोगशाळेबाहेर नेली. कॅरेन प्रायर यांनी 1963 नंतर हवाईच्या सी लाइफ पार्कमध्ये डॉल्फिनना शिट्टीवर तसंच शिकवलं. डॉल्फिनच्या गळ्यात दोरी बांधता येत नाही आणि त्याला धपाटा घालायला गेलं तर तो पोहून निघून जातो. बळजबरी शक्यच नसलेल्या प्राण्यांकडून हे तंत्र पक्कं झालं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एका बैठकीला तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. पक्षी मान फिरवून बाजूला गेला तर बैठक संपली. त्याला जाऊ द्यायचं. हे सोडून देण्यासारखं वाटतं, पण इथेच खरं शिक्षण होतं: नको म्हटलं तर हात थांबतो, चावावं लागत नाही. टोकाला चोच लावणं पक्कं झालं की काडी जरा डावीकडे, मग उजवीकडे, मग दांडीच्या दुसऱ्या टोकाला. काडीमागे चालणारा पक्षी कुठेही नेता येतो: काट्यावर, प्रवासाच्या पिंजऱ्यात, खोलीतल्या स्टँडवर. मग काडी अशी धरायची की तिथे पोचायला मध्ये बोटावरून जावं लागेल. पहिल्यांदा एक पाय बोटावर आला तरी टक् आणि बी. दोन्ही पाय आले की दोन बिया. बोट मुळीच हलवायचं नाही. पक्षी बोटाकडे येतो, बोट पक्ष्याकडे जात नाही. कुठल्याही पायरीवर अडला तर आधीच्या पायरीवर जायचं, त्यात कमीपणा नाही.

आता मूळ भांडण, पिंजऱ्यात परत जाण्याचं. आजवर पिंजरा म्हणजे मजा संपली असंच होतं. म्हणून बाहेरच्या तासाभरात चार-पाच वेळा त्याला काडीने पिंजऱ्यात न्यायचं, आत बी द्यायचं, आणि दार न लावता लगेच बाहेर येऊ द्यायचं. बहुतेक वेळा आत जाणं म्हणजे बी आणि पुन्हा बाहेर. शेवटच्या वेळी दार लागतं, पण आत संध्याकाळचं ताटही असतं: डाळिंबाचे दाणे, मक्याचा तुकडा, काय आवडेल ते. काही आठवड्यांत बरेच पक्षी जेवणाची वेळ झाली की स्वतःहून आत जाऊन बसतात. हाताने ढकलण्याचा प्रसंगच उरत नाही, म्हणून चावाही उरत नाही.

ओरडण्याची गोष्ट थोडी वेगळी, आणि इथे घरच्या माणसांची परीक्षा होते. सन कोन्यूर थव्यात राहणारा पक्षी आहे आणि त्याचा आवाज रानात लांबवर पोचण्यासाठीच घडलेला आहे. सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ ओरडणं नैसर्गिक आहे. ते बंद करायला जाऊ नये. शेजाऱ्यांना ते सहन होत नसेल तर हा पक्षी आणायलाच नको होता, हे स्पष्ट बोलावं. पण तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की जे सतत ओरडणं सुरू होतं त्याची चौकट वेगळी आहे. आधी: माणूस दिसेनासं झालं. नंतर: "गप्प बस रे!" असं कुणीतरी ओरडलं किंवा येऊन बघून गेलं. थव्यातल्या पक्ष्याला उत्तर मिळालं, मग ते रागाचं असलं तरी चालतं.

दुर्लक्ष करा, हा सल्ला सगळे देतात, आणि एकटा तो सल्ला फसतो. पूर्वी मिळणारं उत्तर एकदम बंद झालं की पक्षी आधी कमी ओरडत नाही, जास्त ओरडतो. लिफ्ट आली नाही की आपण बटण दहा वेळा दाबतो, तसंच. या वाढत्या आवाजाला कंटाळून विसाव्या मिनिटाला कुणी उठून गेलं, तर पक्ष्याला कळतं की वीस मिनिटं ओरडायला हवं. त्यातही बाबा दुर्लक्ष करतात आणि आजी मधूनच दाणे देतात असं झालं, तर मधूनमधून मिळणारं बक्षीस सवय सर्वांत चिवट करतं. म्हणून ओरडण्याच्या जागी दुसरं काही द्यावं लागतं. त्याची एखादी चालेलशी शीळ, "विठू" असा शब्द, खेळण्यातली घंटा वाजवणं, जे तो आधीच अधूनमधून करतो ते निवडायचं. ते ऐकू आलं की स्वयंपाकघरातून लगेच, दर वेळी, तीच शीळ घालून उत्तर द्यायचं. सुरुवातीला तर तो ओरडायला लागण्याआधीच, बाहेर पडून दहा सेकंदांत आपणच शीळ घालायची. घरातल्या प्रत्येकाने एकच शीळ घालायची, हे ठरवायला पाच मिनिटं पुरतात आणि पाळायला महिना लागतो.

पिसं उपटणं हा तिसरा आणि सर्वांत अवघड प्रकार. पशुवैद्याने रोग नाही असं सांगितल्यावरच तो वर्तनाचा प्रश्न मानायचा. बंद पिंजऱ्यात, दोन प्लास्टिकच्या दांड्या आणि भरलेली वाटी यांत पक्ष्याला करण्यासारखं एकच उरतं: स्वतःची पिसं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2003 मध्ये छापलेल्या अभ्यासात तरुण अ‍ॅमेझॉन पोपटांचे दोन गट केले होते. ज्यांना अन्न शोधून काढण्याची साधनं आणि चढण्या-कुरतडण्याच्या वस्तू मिळाल्या त्यांची पिसं चांगली राहिली. ज्यांना नाही मिळाल्या त्यांची बिघडली, आणि नंतर साधनं दिल्यावर सुधारली. त्याच्याही आधी, 1963 मध्ये, ग्लेन जेन्सन या संशोधकाला दिसलं होतं की वाटीत फुकटचं अन्न असतानाही उंदीर कळ दाबून अन्न मिळवायला जातात. म्हणून वाटी भरून ठेवणं हा लाड नाही. दाणे कागदात गुंडाळून द्यावेत, मक्याचं कणीस सालीसकट द्यावं, करवंटीत दाणे ठेवून वर कागद कोंबावा, फवारणी न केलेल्या पेरूच्या फांद्या कुरतडायला द्याव्यात. पहिल्या दिवशी पुडी अर्धी उघडी ठेवायची; नाहीतर पक्षी तिच्याकडे पाहून घाबरतो.

या पद्धतीच्या मर्यादाही ब्रेलँड दांपत्यानेच 1961 मध्ये मांडल्या. त्यांनी एका रॅकूनला नाणी गल्ल्यात टाकायला शिकवलं. एक नाणं टाकणं जमलं. दोन दिली की तो ती एकमेकांवर घासत बसे, बक्षीस गेलं तरी. रॅकून अन्न असंच घासतो. जातीचा स्वभाव बक्षिसाने पुसला जात नाही. कोन्यूरला मुका करता येत नाही आणि कॉकटीलची रात्री दचकून पिंजऱ्यात धडपडण्याची सवय शिकवून जात नाही. तिथे रात्रीचा मंद दिवा लावावा, आणि दिवाळीत पिंजरा रस्त्याकडच्या खिडकीपासून आतल्या खोलीत न्यावा.

ओघात एक कायद्याची गोष्ट. आपल्याकडचा कंठवाला हिरवा पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तो कितीही गोड बोलत असला तरी. सन कोन्यूरसारख्या, आंतरराष्ट्रीय करारात नोंद असलेल्या परदेशी जातींची 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

काडी आणि टक् शिकलेल्या पक्ष्याबरोबर करायचं राहिलेलं एक काम म्हणजे औषधाची तयारी, आणि ती तो ठणठणीत असतानाच करायची. सुईशिवायची सिरिंज घ्यायची. पहिले दोन-तीन दिवस ती फक्त जवळ धरायची आणि बी द्यायची. मग टोकावर सफरचंदाच्या रसाचा थेंब लावायचा, तो चाटू द्यायचा. मग दट्ट्या अगदी हलका दाबून एकेक थेंब. रस आवडीने घेऊ लागला की आठवड्यातून एकदा साधं कोमट पाणी द्यायचं आणि मागून पुन्हा रस. पुढे कधी डॉक्टरांनी पाच दिवसांचं कडू औषध लिहून दिलं, तर टॉवेलात गुंडाळून चोच उघडायची वेळ बहुधा येत नाही. औषधाच्या आधी एक थेंब रस, मग औषध, मग पुन्हा रस, आणि शेवटी सूर्यफुलाचं बी सोलून.